दोन १०६ आणि तीन ८२

रॉड लेव्हरने १९६९ साली १०६ सामने जिंकले. इव्हान लेंडलनेही १९८२ साली १०६ सामने जिंकले. लेव्हर त्या वर्षी १६ वेळा हरला, लेंडल फक्त ९ वेळा. नुसता तक्ता हातात आला तर कुणीही लेंडलचं वर्ष सरस ठरवेल. पण लेव्हरच्या त्या वर्षात चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा आहेत आणि लेंडलच्या वर्षात एकही नाही.

लेंडल तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि भन्नाट फॉर्मात होता. १९८१ च्या शरद ऋतूपासून त्याने सलग ४४ सामने जिंकले होते, १९८२ मध्ये १५ स्पर्धा जिंकल्या. मात्र विम्बल्डनला तो गेलाच नाही आणि अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात जिमी कॉनर्सने त्याला हरवलं. मग एवढे विजय आले कुठून? टेक्सासच्या लामार हंट यांच्या पैशांवर उभी राहिलेली 'डब्ल्यूसीटी' ही मालिका त्या वर्षी मुख्य ग्रँड प्री मालिकेपासून पुन्हा फुटून निघाली होती. तिचं वेळापत्रक वेगळं, बक्षिसं घसघशीत. लेंडलने तिथे मनसोक्त हात धुऊन घेतले. म्हणजे त्याच्या १०६ मध्ये त्याच्या फोरहँडचा वाटा आहेच, पण टेनिसच्या कारभाऱ्यांच्या भांडणाचाही आहे.

लेव्हरचे १०६ वेगळ्याच मातीतले. ३२ स्पर्धा, त्यांपैकी १८ जिंकलेल्या. ऑस्ट्रेलियन ओपन तेव्हा ब्रिस्बेनला झाली. तिथल्या उपांत्य सामन्यात टोनी रोशने त्याला ७-५, २२-२०, ९-११, १-६, ६-३ असं झुंजवलं. टायब्रेकर अजून आलेला नव्हता. अमेरिकन ओपनने तो पुढच्या वर्षी, १९७० साली आणला. त्या उन्हात नव्वद गेम खेळून लेव्हरच्या खात्यात जमा झाला तो एक विजय, आणि एखाद्या दुय्यम स्पर्धेच्या पहिल्या फेरीत अर्ध्या-पाऊण तासात कुणाला गुंडाळलं तरी जमा होणार तोही एकच विजय. क्रिकेटमध्ये कसोटीतल्या धावा आणि रणजीतल्या धावा आपण वेगवेगळ्या वहीत लिहितो. टेनिसच्या हंगामाची वही मात्र एकच.

आणि ही वही सुरू होते १९६८ पासून, इंग्लंडमधल्या बोर्नमथला व्यावसायिक आणि हौशी खेळाडू पहिल्यांदा एका स्पर्धेत उतरले तेव्हापासून. त्याआधीचं व्यावसायिक टेनिस या हिशेबात जवळपास नाहीच. जॅक क्रेमर आणि पांचो गोन्झालेस हे दोघे १९४९-५० च्या दौऱ्यात एकमेकांशी १२३ सामने खेळले. क्रेमर ९६, गोन्झालेस २७. आज या गावात, उद्या त्या गावात, व्यायामशाळेच्या नाहीतर सभागृहाच्या फरशीवर कॅनव्हासचं कोर्ट अंथरायचं, खेळायचं, गुंडाळायचं आणि गाडीत बसायचं. प्रतिस्पर्धी रोज तोच. जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एकावर ९६ वेळा मात करणाऱ्या माणसाचं नाव हंगामी विजयांच्या यादीत सापडत नाही, कारण ती यादी ज्या दरवाजापासून सुरू होते त्याच्या अलीकडे तो उभा होता. पुढे त्याच क्रेमर यांनी ग्रँड प्री मालिकेची कल्पना मांडली, ती १९७० मध्ये सुरू झाली आणि हंगाम मोजायची सोय झाली.

सोय झाली खरी, पण सत्तरचं दशक म्हणजे नुसती जत्रा होती. ग्रँड प्री होती, डब्ल्यूसीटी होती, अमेरिकेत बिल रिओर्डन यांची वेगळी इनडोअर मालिका होती, वर्ल्ड टीम टेनिस होतं. खेळाडू आठवड्याला एक शहर बदलत आणि वर दुहेरीही खेळत. रुमानियाच्या इली नस्तासेने १९७३ मध्ये ११८ सामने जिंकले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संगणकावर पहिली क्रमवारी निघाली तेव्हा तिच्या माथ्यावर त्याचंच नाव होतं. पण या काळाचं खरं प्रकरण म्हणजे अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास आणि त्याचं १९७७ हे वर्ष.

१३० विजय आणि १६ विजेतेपदं. हा १३० चा आकडा सर्वात जास्त छापला जातो. कोणत्या स्पर्धा धरायच्या यावर तो थोडा मागेपुढे होतो, आणि यातच त्या काळाची अर्धी कथा आली. फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने ब्रायन गॉटफ्रीडला ६-०, ६-३, ६-० असं धुतलं. अमेरिकन ओपन तेव्हा शेवटचीच फॉरेस्ट हिल्सवर होत होती, तीही मातीच्या कोर्टवर. तिथे त्याने कॉनर्सला हरवलं, आणि चौथा सेट होता ६-०. मातीवर त्याने सलग ५३ सामने जिंकले. ही मालिका तुटली तीसुद्धा विचित्रपणे. एक्स-आँ-प्रोव्हान्सला नस्तासे 'स्पॅघेटी' रॅकेट घेऊन उतरला. तिच्या दुहेरी तारांतून सुटलेला चेंडू कुठे आणि किती उसळेल याचा नेम नसे. दोन सेट गमावल्यावर विलास वैतागून कोर्ट सोडून गेला. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या रॅकेटवर लगोलग बंदी आणली, पण निकाल तसाच राहिला.

असं वर्ष काढूनही वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिला होता कॉनर्स, ज्याने त्या वर्षी एकही ग्रँड स्लॅम जिंकली नव्हती. कारण तेव्हाची क्रमवारी सरासरीवर चाले: मिळालेल्या गुणांना खेळलेल्या स्पर्धांनी भागायचं. जो जास्त खेळेल त्याचा भाजक फुगेल. विलास भरमसाट खेळला आणि त्याच्याच घामाने त्याला खाली खेचलं. काही नियतकालिकांनी त्याला १९७७ चा अव्वल खेळाडू ठरवलं, संगणकाने नाही. अर्जेंटिनाचे पत्रकार एदुआर्दो पुप्पो आणि रुमानियाचे गणितज्ञ मारियन चुल्पान यांनी अनेक वर्षं घालवून त्या काळातल्या प्रत्येक आठवड्याची क्रमवारी नव्याने मांडली, कारण तेव्हा ती दर आठवड्याला निघतही नसे. त्यांच्या हिशेबाने विलास काही आठवडे पहिला होता, पण ते आठवडे १९७५ आणि १९७६ च्या सुरुवातीचे निघाले. १३० विजयांच्या वर्षातला एकही नाही! क्रमवारी काढणाऱ्या एटीपीने, म्हणजे व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या संघटनेने, तो दावाही मान्य केला नाही. विलासबद्दल मला वाईट वाटतं, पण सरासरीची पद्धत अगदीच वेडगळ होती असंही म्हणवत नाही. तिने निदान एक गोष्ट ओळखली होती, की जिंकलेल्या सामन्यांची बेरीज म्हणजे मोठेपण नव्हे. चूक एवढीच की तिने बेरजेवरचा राग मेहनतीवर काढला.

कॉनर्सचं स्वतःचं १९७४ हे वर्षही असंच अडचणीचं आहे. ९३ विजय, ४ पराभव, तीन ग्रँड स्लॅम. चौथी, म्हणजे फ्रेंच ओपन, त्याला खेळूच दिली नाही, कारण त्याने वर्ल्ड टीम टेनिसशी करार केला होता. पण त्या ९३ मध्ये रिओर्डन यांच्या मालिकेतले विजय बरेच आहेत आणि तिथे त्याला आव्हान देतील असे गडी मोजकेच होते.

म्हणून मी हल्ली विजयांचा रकाना बोटाने झाकून पराभवांचा आधी वाचतो. विजय किती मिळतील हे बरंचसं वेळापत्रक ठरवतं. पराभवांमागे मात्र नावं असतात, ठिकाणं असतात.

जॉन मॅकेन्रोचं १९८४ घ्या. ८२ विजय, ३ पराभव. खुल्या टेनिसच्या, म्हणजे १९६८ पासूनच्या, काळात टक्केवारीने यापेक्षा चांगलं वर्ष कुठल्याही पुरुष खेळाडूला साधलेलं नाही. वर्षाच्या सुरुवातीपासून सलग ४२ विजय, आणि मग पॅरिसचा अंतिम सामना. दोन सेटची आघाडी घेऊन तो लेंडलकडून हरला, आणि फ्रेंच ओपन त्याच्या हाती पुढे कधीच लागली नाही. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याने कॉनर्सला ६-१, ६-१, ६-२ असं दीड तासाच्या आत घरी पाठवलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला, पहिल्याच फेरीत, तो हरला आपल्या विजय अमृतराजकडून. विजय तेव्हा तिशीत होता, एकेरीतल्या भराचा काळ मागे पडला होता. तीनच पराभवांच्या वर्षात एक पराभव मद्रासच्या या सर्व्ह-अँड-व्हॉलीवाल्याच्या नावावर आहे. आपल्याकडे डेव्हिस चषकाच्या आठवणी निघाल्या की विजयचं नाव हमखास येतं. सिनसिनाटीची ही दुपार मात्र क्वचितच कुणाला आठवते. तिसरा पराभव डिसेंबरमध्ये, गोटेनबर्गला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत, स्वीडनने सभागृहात मुद्दाम टाकून घेतलेल्या मातीवर हेन्रिक सुंडस्ट्रॉमकडून. एक ध्यानात ठेवायला हवं, की त्या वर्षी मॅकेन्रो ऑस्ट्रेलियन ओपनला गेलाच नव्हता. तेव्हा बरेच जण जात नसत. आणि दुहेरीचे विजय या ८२ मध्ये नाहीत. पीटर फ्लेमिंगच्या जोडीने त्याने त्या वर्षी विम्बल्डनची दुहेरीही जिंकली होती.

या ८२-३ ची हुबेहूब नक्कल व्हायची वेळ एकदा आली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये शांघायच्या मास्टर्स कपचा अंतिम सामना खेळायला रॉजर फेडरर उतरला तेव्हा त्याचं वर्ष होतं ८१-३. सलग २४ अंतिम सामने त्याने जिंकले होते. समोर डेव्हिड नालबांडियन. फेडररने पहिले दोन सेट टायब्रेकरवर घेतले, पुढचे दोन गमावले आणि पाचवा टायब्रेकरमध्ये सोडला. ८२-३ व्हायचं ते ८१-४ झालं. घोटा दुखावून आल्यावरची त्याची ती पहिलीच स्पर्धा होती. पुढच्या वर्षी त्याने ९२ सामने जिंकले. लेंडलच्या १९८२ नंतर एवढे विजय कुणाचेच नव्हते. १७ स्पर्धांपैकी १६ मध्ये तो अंतिम फेरीत पोचला. पराभव पाच: चार राफेल नदालकडून आणि एक सिनसिनाटीला कोवळ्या अँडी मरेकडून. माझ्या लेखी विलासच्या १३० पेक्षा हे ९२ भारी आहेत. कोर्ट चारही तऱ्हांचे होते, स्पर्धा निवडीला वाव कमी होता आणि जो त्याला हरवत होता तो जवळजवळ एकच माणूस होता.

त्या माणसाचं ८२ चं वर्ष दोन हंगामांनी आलं. नदालचं २००८ सुरू झालं चेन्नईत. उपांत्य फेरीत मित्र कार्लोस मोयाशी तो जवळपास चार तास खेळला, तीन सेट, तिन्ही टायब्रेकर. दुसऱ्या दिवशी पायात त्राण नव्हतं; मिखाइल यूझ्नीने त्याला ६-०, ६-१ असं संपवलं. तिथून पुढे फ्रेंच ओपन, विम्बल्डन, बीजिंगचं ऑलिंपिक सुवर्ण. ८२ विजय, ११ पराभव. वर्षाच्या शेवटी गुडघ्याने असहकार पुकारला आणि मास्टर्स कप व डेव्हिस चषकाची अंतिम लढत दोन्ही हुकल्या. त्र्याण्णव सामन्यांची किंमत अशी वसूल झाली. सत्तरच्या दशकात लाकडी रॅकेटने १३०-१४० सामने खेळता येत, कारण प्रत्येक फटक्यात आजच्याइतका देह ओतावा लागत नव्हता.

तिसरं ८२ नोव्हाक जोकोविचचं, २०१५ मधलं. ६ पराभव. जानेवारीत दोहाला इव्हो कार्लोविचकडून हरल्यानंतर तो जिथे खेळला तिथे अंतिम फेरीत गेला, सलग पंधरा वेळा. पहिल्या दहांतल्या खेळाडूंवर त्याने ३१ विजय मिळवले. तिन्ही ८२ मध्ये मला हे सर्वात जड वाटतं, मॅकेन्रोची टक्केवारी वरचढ असली तरीही. पराभवांच्या रकान्यात फेडरर तीनदा, वावरिंका, मरे आणि कार्लोविच. विजय अमृतराजसारखा अनपेक्षित पाहुणा म्हणायचा तर फक्त उंचनिंच कार्लोविच.

पराभवांचा रकानाही कधीकधी दगा देतो म्हणा. लेव्हरचे १६ पराभव आठवा. त्यांतला एकही ग्रँड स्लॅममध्ये नव्हता. थॉमस मुस्टरने १९९५ मध्ये ८६ सामने जिंकले, त्यांतले ६५ मातीवर, आणि मातीवर हरला फक्त दोनदा. पुढच्या फेब्रुवारीत तो क्रमवारीत पहिला आला तेव्हा सॅम्प्रस-अगासीच्या गोटात नाकं मुरडली गेली. मला विचाराल तर मोटारीच्या धडकेत गुडघा फुटलेल्या माणसाने वर्षात ८६ सामने जिंकावेत, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

आता वरचे आकडे सत्तरीच्या आसपास स्थिरावले आहेत. यानिक सिनर २०२४ मध्ये ७३-६, कार्लोस अल्काराझ २०२५ मध्ये ७१-९. खेळ उतरणीला लागला म्हणून नव्हे. १९९० पासून एटीपीने दौऱ्याची सूत्रं हाती घेतली, सरासरी गेली, मोठ्या स्पर्धा सक्तीच्या झाल्या. ग्रँड स्लॅमखालोखालच्या मास्टर्स स्पर्धांचे पाच सेटचे अंतिम सामने २००७ नंतर पूर्ण बंद झाले. अग्रमानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, म्हणजे एक सोपा विजय कमी. आणि बहुतेक मास्टर्स स्पर्धा आता बारा दिवस चालतात. विलासच्या काळात तेवढ्या दिवसांत दोन शहरं आणि दहा विजय उरकत. छोट्या स्पर्धांकडे अव्वल खेळाडू फिरकतातच कमी. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा झाली. मारिन चिलिच, केव्हिन अँडरसन यांच्यासारखे खेळाडू आले, अँडरसन जिंकलाही, पण फेडरर-नदाल-जोकोविच यांच्यापैकी एकाच्याही विजयांत पुण्याचा सामना जमा झाला नाही.

वेळ उरला म्हणून खेळाडू घरी बसतात असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रियाधला सहा खेळाडूंची एक प्रदर्शनीय स्पर्धा झाली. सिनरने अंतिम सामन्यात अल्काराझला हरवलं आणि साठ लाख डॉलर नेले, त्या वर्षी कुठल्याही ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला मिळाले त्याहून कितीतरी जास्त. त्याच्या ७३ मध्ये रियाधचा एकही सामना धरलेला नाही.