अलिप्त मांजर आणि अबोल माणूस

घरी परतलेल्या माणसाकडे कुत्रा शेपूट हलवत धावतो. मांजर एकवार पाहते आणि पुन्हा डोळे मिटते. त्यामुळे कुत्रा इमानी आणि मांजर आपमतलबी, असा निवाडा बहुतेकांनी देऊन टाकलेला असतो. मितभाषी माणसांच्या वाट्यालाही हेच येते. समारंभात कोपऱ्यात बसणाऱ्याला कुणी घुमा म्हणते, कुणी शिष्ट, तर कुणी माणूसघाणा. अलिप्तपणा म्हणजे मायेचा अभाव, हे समीकरण मात्र प्राण्यांच्या अभ्यासात टिकत नाही.

कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते कळपाने राहतात, कळपाने शिकार करतात. एकमेकांना सतत खुणावणे ही त्यांची गरजच असते. मांजराचा पूर्वज असलेले आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करते आणि आपला मुलूख राखते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्यसाठ्यांभोवती उंदीर वाढले आणि त्यांच्यामागून ही मांजरे वस्तीजवळ आली. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. एवढा जुना सहवास असूनही माणसाला कळतील अशा ठळक खुणा करण्याचे वळण मांजराला कुत्र्याइतके लागले नाही.

मात्र, खुणा अस्पष्ट असल्या तरी ओढ असते. जपानी संशोधक अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, मांजर मालकाचा आवाज ओळखते. ते उठून येत नाही, कान वा मान तेवढी वळवते. अमेरिकेत २०१९ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात मांजराच्या पिल्लांना अनोळखी खोलीत क्षणभर एकटे ठेवण्यात आले. सांभाळणारी व्यक्ती परतताच सुमारे ६४ टक्के पिल्ले निर्धास्त झाली आणि पुन्हा खोली न्याहाळू लागली. तान्ह्या मुलांतही आईवडिलांवर असा विश्वास टाकणाऱ्यांचे प्रमाण जवळपास एवढेच आढळते.

माणसांच्या अलिप्तपणामागील कारणे अधिक गुंतागुंतीची असतात. अंतर्मुख व्यक्तीला गर्दीत थकवा येतो आणि एकांतात हुशारी वाटते. अंतर्मुख व बहिर्मुख हा भेद मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मधील आपल्या ग्रंथातून रूढ केला. भिडस्ताचे तसे नसते. त्याला माणसे हवी असतात. पण चारचौघांत बोलताना संकोच आडवा येतो. वयोवृद्धांच्या बाबतीत आणखी एक कारण सहज नजरेआड होते, ते म्हणजे कमी झालेली श्रवणशक्ती. चतुर्थीला भरलेल्या घरात आजोबा गप्पांतून उठून जातात, तेव्हा त्यांना शब्दच नीट ऐकू येत नसण्याचा संभव असतो. अशा वेळी कान तपासून घेणे हे रुसवा काढण्यापेक्षा उपयोगी ठरते.

अलिप्तपणा काळजीचा कधी, हे ठरवताना तो जन्मजात आहे की नव्याने आलेला, हे पाहावे लागते. एरवी मांडीवर येणारे मांजर अचानक पलंगाखाली दडून बसले, खाईनासे झाले, तर ते आजारी असण्याची शक्यता असते. वेदना लपवणे हा त्याचा उपजत स्वभाव आहे. माणसाच्या बाबतीतही हेच खरे. गप्पिष्ट व्यक्ती मित्रांना टाळू लागली, आवडीच्या गोष्टींतून तिचे मन उडाले, झोप व भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. त्याला शिष्टपणा म्हणून सोडून देण्यात मोलाचा वेळ जातो.

अशा वेळी 'काय झाले ते सांग' असा तगादा लावण्यापेक्षा शेजारी शांतपणे बसणे, नेमाने विचारपूस करणे हितावह. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेतही उपचार होतात. स्वभावतःच अबोल असलेल्या माणसाला मात्र उपचारांची गरज नसते. त्याला त्याच्या वाट्याचा एकांत मिळाला, तर तो आपल्या सवडीने माणसांत येतो.