वर्ग : नौकांचा आणि माणसांचा

'वर्ग' हा शब्द आम्ही आयुष्यभर एकाच अर्थाने वापरीत आलो. कामगारांचा वर्ग, मालकांचा वर्ग. त्यामुळे शिडाच्या छोट्या नौका तळ्यात पळविणारे लोकही आपापल्या 'वर्गा'ची घटना लिहितात, चिटणीस निवडतात, वर्गणी गोळा करतात आणि नियमातल्या एका कलमावरून तास तास वाद घालतात, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. पुढे वाचत गेलो तसे ते हसू मावळले. कारण हे लोक ज्या प्रश्नाशी झगडतात तो आमचाच प्रश्न आहे. कोणाची सक्ती नाही, पोटाचा संबंध नाही, अशा वेळी दहा माणसे एकत्र येतात कशी, आणि दहा वर्षांनी ती एकत्र उरतात कशी?

नौका कशी असते ते आधी सांगितले पाहिजे. 'खेळण्यातली होडी' म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे पन्हळीखाली सोडलेली कागदाची होडी येते. ही तशी नव्हे. हिला डोलकाठी आहे, पुढचे एक व मागचे एक अशी दोन शिडे आहेत. पाण्याखाली पात्यासारखा उभा कणा आहे आणि त्याच्या टोकाला शिशाचा गोळा आहे. म्हणून वाऱ्याच्या झोताने ती आडवी झाली तरी पुन्हा उभी राहते. इंजिन नाही. पोटात बिनतारी संदेश घेणारे लहानसे यंत्र, बॅटरी आणि दोन छोट्या मोटरी. एक मोटर सुकाणू फिरविते, दुसरी शिडांची दोरी सैल करते किंवा आवळते. काठावरच्या माणसाला एवढ्या दोनच आज्ञा देता येतात, बाकी सारे वाऱ्याच्या मर्जीवर. नौका दूर जात आहे तोवर उजवे ते उजवेच. ती वळून आपल्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलटे होते, आणि नवखा माणूस हमखास येथेच गडबडतो. बिनतारी यंत्रे येण्यापूर्वी तर सुकाणू शिडाच्या दोरीला किंवा वाऱ्यावर फिरणाऱ्या पंखाला जोडून नौका सोडून देत, आणि तिचा मालक व त्याचा जोडीदार हातात काठी घेऊन काठाकाठाने धावत. लंडनच्या केन्सिंग्टन बागेतील 'राउंड पाँड' या तळ्यावर असे क्लब एकोणिसाव्या शतकापासून होते.

आता वर्ग म्हणजे काय? पाण्यावर चालणाऱ्या नौकेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो; लांबी चौपट केली तर वेग साधारण दुप्पट होतो. शीड मोठे केले तर जोर वाढतो. म्हणजे शर्यतीला बंधन घातले नाही तर ज्याचा खिसा मोठा त्याची नौका मोठी, आणि ज्याची नौका मोठी तो पहिला. दोन-तीन शर्यतींनंतर बाकीचे घरी बसतात आणि पहिल्याला हरवायला कोणी उरत नाही. म्हणून सर्वांनी मिळून आधी ठरवायचे की एवढ्याच लांबीची, एवढ्याच शिडाची नौका आणायची. जो हा करार पाळतो तो त्या वर्गाचा. कारखान्यात एका कामाला एक दर ठरविण्यासाठी आम्ही जो करार करतो त्याचे आणि याचे गोत्र एकच आहे. तेथेही करार नसेल तर माणूस माणसाला खाली ओढतो.

याचे जुने आणि नामांकित उदाहरण अमेरिकेतले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्बलहेड नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील रॉय क्लफ यांनी १९३० च्या सुमारास एक साधा नियम मांडला : नौकेची लांबी ५० इंच, शीड ८०० चौरस इंच. बाकी तुमची अक्कल. त्या काळच्या मोटारीच्या मागच्या बाकावर आडवी ठेवता यावी म्हणून ५० इंच धरले, असे सांगतात. त्यापूर्वीच्या मोठ्या वर्गांतील नौका माणसाच्या उंचीएवढ्या असत आणि पाण्यात उतरवायला धडधाकट माणूस लागे. नियम दोन आकड्यांचा, नौका एकट्याने उचलण्याजोगी. पुढे हा वर्ग जगभर पसरला आणि अजून चालू आहे. आमच्या मते क्लफ यांची खरी बुद्धी ही की त्यांनी नौकेपेक्षा माणसाची सोय आधी पाहिली. तळ्यापर्यंत नेता येत नाही ती नौका कितीही देखणी असली तरी सभासद आणू शकत नाही.

परंतु मार्बलहेडमध्ये 'बाकी तुमची अक्कल' असल्यामुळे कालांतराने तेथे महाग द्रव्ये आणि अवघड कारागिरी शिरली. म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्ये एक मीटर लांबीचा नवा वर्ग काढला. त्याचे नावच 'वन मीटर'. त्याचे नियम वाचताना जाणवते की लिहिणाऱ्यांनी पैसा कोठून शिरतो याचा नीट विचार केला होता. नौकेचे वजन चार किलोपेक्षा कमी चालणार नाही. म्हणजे हलके करण्यासाठी खर्च करण्यात अर्थ उरला नाही. कार्बनच्या तंतूंचा सांगाडा मना, कार्बनची डोलकाठीही मना. लाकूड, काचतंतू, ॲल्युमिनियम चालेल. शिडांचे संच तीन, मंद, मध्यम आणि जोराच्या वाऱ्यासाठी, आणि त्यांची मापे ठरलेली. घरच्या पडवीत लाकडाच्या पट्ट्या जोडून नौका बांधणाऱ्यालाही यात जागा होती. १९९४ साली फ्रान्समधील मार्सेय येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आज मात्र वरच्या रांगेतील बहुतेक नौका धंदेवाईक कारागिरांच्या हातच्या असतात आणि स्वस्त मुळीच नसतात. द्रव्यावर बंदी घालता येते. अचूकपणावर घालता येत नाही, आणि बाजार त्याचीही किंमत लावतो.

यापेक्षा लहान नौकांचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत आम्हाला विशेष रस वाटतो, कारण ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिला 'फुटी' नावाचा. नौका एक फुटाची, म्हणून फुटी. येथे नियम म्हणजे चक्क एक पेटी आहे : १२ इंच लांब, ६ इंच रुंद, १२ इंच खोल. कण्यासकट नौका त्या पेटीत मावली की झाले. पुढच्या बाजूची काठी बाहेर डोकावण्यापुरती फट ठेवली आहे. शीड किती असावे यावर बंधन नाही, कारण एवढ्याशा नौकेवर जास्त शीड चढविले तर ती स्वतःच नाक पाण्यात खुपसते. निसर्गच पंचाचे काम करतो. काही चतुर लोकांनी नौका पेटीत तिरपी बसवून थोडी जास्त लांबी मिळविली! मोजमाप करायला तज्ज्ञ नको, फूटपट्टीही नको. शाळकरी मुलगासुद्धा पेटीत नौका ठेवून हो किंवा नाही सांगू शकतो. आम्ही कामगारांसमोर कायद्याची कलमे पुष्कळ वाचून दाखविली आहेत, त्यामुळे प्रत्येकाला स्वतः पडताळून पाहता येणाऱ्या नियमाची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

दुसरा मार्ग 'ड्रॅगन फोर्स' या ६५ सेंटिमीटर लांबीच्या नौकेचा. पुढे तिचे नाव 'ड्रॅगन फ्लाइट' झाले. आराखडा इंग्लंडमधल्यांचा, बांधणी चीनमधील कारखान्याची. खोक्यातून जवळजवळ तयार नौका निघते, आणि नियम असा की परवानगी दिलेल्या किरकोळ गोष्टी सोडून तीत काही बदलायचे नाही. सर्वांची नौका एकसारखी, म्हणून जिंकणे-हरणे हातावर आणि नजरेवर. सुतारकाम न येणारी पुष्कळ माणसे यामुळे तळ्यावर आली. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे २०१० नंतरच्या दशकात हिचे ताफे भराभर उभे राहिले. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्यात मतलब नाही. तरी आमच्यातला संघटक कान टवकारतो. संपूर्ण वर्ग एका कारखान्यावर उभा आहे. त्याने किंमत वाढविली, सुटा भाग बदलला, उत्पादन थांबविले, तर सभासदांच्या हातात काय? येथे उपाय एकच दिसतो : नियमांची वही कारखान्याकडे न ठेवता नौका चालविणाऱ्यांच्या संघटनेकडे ठेवणे, म्हणजे माल त्यांचा राहिला तरी वर्ग आपला राहतो.

नियमाने वर्ग जन्मतो. त्याला जगवितात त्या गोष्टी नियमात सापडत नाहीत. पूर्वी दोन बिनतारी संच एकाच कंपनसंख्येवर लागले तर एकाच्या आज्ञेने दुसऱ्याची नौका वळे. म्हणून तळ्याकाठी एक फळी टांगलेली असे, तिच्यावर प्रत्येक कंपनसंख्येचा कपड्यांना लावतो तसा एक चिमटा. चिमटा घेतल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही. आल्याबरोबर प्रत्येकाला त्या फळीपाशी जावे लागे, कोण आले कोण नाही हे कळे, 'तू कोणता घेतोस' म्हणून चार शब्द होत. २००५ नंतर नव्या पद्धतीची यंत्रे आली. ती आपापसात वाट काढून घेतात, त्यामुळे चिमट्याची गरज संपली आणि वीस वीस नौका बिनधास्त एकत्र सुटू लागल्या. सोय झालीच. पण फळीपाशी होणारी नवख्याची ओळख आता कोणीतरी मुद्दाम करून द्यावी लागते. चांगल्या क्लबांत हे काम एकाला नेमून दिलेले असते. त्याच्याजवळ क्लबाची एक जादा नौका असते. बघायला थांबलेल्या माणसाच्या हातात तो सरळ पेटी देतो. पत्रक वाटण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

शर्यतीचे नियम मोठ्या नौकांचेच आहेत. बिनतारी नौकांसाठी त्यांना एक परिशिष्ट जोडले आहे. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नौकेला डाव्या अंगाने घेणारीने वाट द्यायची. धक्का लागला आणि चूक आपली असेल, तर आपणच आपली नौका बाजूला घेऊन एक पूर्ण गिरकी मारायची आणि पुढे जायचे. त्या गिरकीत पाच-सहा नौका पुढे निघून जातात. पंच नेहमी असतोच असे नाही. स्वतःहून गिरकी मारणारा माणूस क्लबात किती दिवस टिकतो आणि 'माझी नव्हेच' म्हणणारा इतरांना किती दिवस टिकू देतो, हे पाहावे. दहा हुशार खेळाडूंनी जोडलेला क्लब असा एक माणूस दोन मोसमांत मोडू शकतो.

फार नौका आल्या तर त्यांचे गट पाडतात. खालच्या गटाची शर्यत आधी लावतात. तीत पुढे आलेले चौघे लगेच वरच्या गटात खेळतात आणि वरच्या गटातले शेवटचे चौघे पुढच्या फेरीला खाली येतात. वर जाण्याचे दार त्या दिवशी प्रत्येक फेरीला उघडे राहते, म्हणून शेवटचा खेळाडूही सामान आवरून लवकर घरी जात नाही.

जागेचे महत्त्व निराळे सांगायला नको. सॅन फ्रान्सिस्कोचा क्लब १८९८ पासूनचा. गोल्डन गेट बागेतील त्याचा स्प्रेकल्स तलाव १९०४ साली केवळ अशा नौकांसाठी तयार झाला, आणि क्लबाची इमारत १९३० नंतरच्या मंदीत सरकारने बेकारांना दिलेल्या कामातून उभी राहिली. ज्या मजुरांनी ती बांधली त्यांच्यापैकी किती जणांना पुढे नौका परवडली असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

राहिला चिटणीस. अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना १९७० साली स्थापन झाली. तिच्यात प्रत्येक वर्गाला स्वतंत्र चिटणीस असतो. तो पगारी नोकर नव्हे. नव्या नौकेची नोंद करणे, शिडावरचा क्रमांक देणे, नियमाचा अर्थ विचारणाऱ्याला उत्तर लिहिणे, हे त्याचे काम. शिडावर क्रमांक चढला की माणूस 'येऊन बघतो' म्हणणाऱ्यांतून 'आम्ही' म्हणणाऱ्यांत येतो. आमच्याकडे १९२६ च्या कायद्याने संघ नोंदविण्यासाठी सात सह्या पुरेशा मानल्या होत्या. सात सह्या कोणीही जमवितो. सभासदांची वही वर्षानुवर्षे खरी ठेवणारा माणूस विरळा. अशी वही एकाच्या घरी, एकाच्या डोक्यात राहिली आणि तो आजारी पडला की संघ आंधळा झाला, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. नौकांच्या वर्गांनाही हा रोग चुकलेला नाही. नौका शाबूत, तळे शाबूत, पण कोणता क्रमांक कोणाचा हे सांगणारा नाही, मोजायची पेटी कोणाच्या माळ्यावर आहे ते ठाऊक नाही. म्हणून जाणते चिटणीस पद सोडण्याच्या आधीच एक मोसम बरोबर एक तरुण माणूस घेऊन बसतात, त्याच्या हाताने नोंदी लिहून घेतात, आणि पेटी त्याच्या घरी पोहोचती करतात.