ताशी सहा पेन्स आणि एक कार्डिनल

लंडनच्या गोदीच्या फाटकाशी रोज रेटारेटी चाले. मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याला काम, तेही कधी तासा-दोन तासांचंच. बाकीचे हात हलवत परत. १८८९च्या ऑगस्टमध्ये मजुरांनी ताशी सहा पेन्स आणि किमान चार तासांचं काम मागितलं नि संप पुकारला.

मध्यस्थीला उतरले कॅथलिक चर्चचे ८१ वर्षांचे कार्डिनल हेन्री मॅनिंग. सप्टेंबरच्या मध्यात तडजोड झाली आणि सहा पेन्सची मागणी पदरात पडली.

पुढे १५ मे १८९१ रोजी मजुरांच्या याच प्रश्नावर पोप तेरावे लिओ यांचं ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघालं. पोटाच्या चिंतेने मजुराने तुटपुंजा पगार कबूल केला, म्हणून तो न्याय्य ठरत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं त्या पगारात भागलं पाहिजे.

या विचाराचं एक मूळ तेराव्या शतकातले धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्यापर्यंत जातं. ज्याचं त्याला देण्याची पक्की वृत्ती म्हणजे न्याय, ही त्यांची मांडणी. दोघांच्या देवघेवीतला न्याय वेगळा, समाजाने आपल्या माणसांना वाटा देण्यातला वेगळा.

पुढे १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी चर्चच्या शिकवणीत ‘सामाजिक न्याय’ हा शब्दप्रयोग रुळवला आणि मजुरीच्या हिशेबात कुटुंबाचा खर्चही धरला.