डायलिसिस केंद्राचा दर्जा कसा मोजतात?

एका वेळच्या डायलिसिसमध्ये सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताला खेटून वाहते. मिनिटाला ५०० मिलिलिटर, सलग चार तास. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये असतो तो फक्त डायलायझरमधल्या हजारो पोकळ तंतूंचा पडदा. एका तंतूचा आतला व्यास मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, आणि त्याची भिंत त्याहून कितीतरी पातळ. त्याच चार तासांत, मिनिटाला ३०० मिलिलिटर या वेगाने, ७२ लिटर रक्त मशीनमधून फिरते. अंगात रक्त असते जेमतेम पाच लिटर. म्हणजे सगळे रक्त चौदा वेळा बाहेर येते आणि परत जाते.

निरोगी मूत्रपिंडे रक्त साफ करण्याचे हे काम आठवड्याचे १६८ तास करतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याला मिळतात १२ तास. या १२ तासांत काय घडते, ते कोण पाहते आणि कशावरून चांगले-वाईट ठरवते, याचा शोध गेली साठ वर्षे चालू आहे.

निवडलेले रुग्ण

विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समधील कांपेन गावी, लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले कामचलाऊ कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री त्यातून वाचली. तेव्हा यश मोजायला एकच माप होते : रुग्ण जगला की नाही.

परंतु प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागत असल्याने हा उपचार थोडे दिवसच देता येई. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि ही अडचण सुटली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स अकरा वर्षे जगला. १९६२ मध्ये सिएटलमध्ये स्वतंत्र डायलिसिस केंद्र निघाले. मशीन थोडी आणि रुग्ण फार, म्हणून मशीन कोणाला द्यायचे हे ठरवायला सात नागरिकांची समिती नेमली गेली. तिच्यात वकील, धर्मोपदेशक, बँकर, गृहिणी, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक होते. उत्पन्न, कुटुंब, समाजातले स्थान हे सगळे त्यांनी तोलले. या निवडीवर मोठा वाद झाला. दर्जा मोजणाऱ्यांनाही तिने एक धडा दिला : ज्या केंद्रात रुग्ण निवडून घेतात, त्याचे निकाल चांगले दिसणारच.

१९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारकडे घेतला. पैसा सरकारी झाला, केंद्रे वाढली, आणि या पैशात रुग्णाला नेमके किती डायलिसिस मिळते असा प्रश्न उभा राहिला.

एक भागाकार

उत्तरासाठी १९७६ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरचा एक अभ्यास सुरू झाला. दीडशेहून अधिक रुग्णांचे चार गट पाडले. काहींच्या रक्तातला युरिया हा टाकाऊ पदार्थ कमी राखला, काहींचा जास्त राहू दिला. काहींना कमी तास दिले, काहींना जास्त. १९८१ मध्ये निष्कर्ष आला : ज्यांचा युरिया जास्त राहिला ते अधिक वेळा रुग्णालयात दाखल झाले. याच आकडेवारीवरून फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी १९८५ मध्ये एक गुणोत्तर पुढे आणले. आज जगभरच्या डायलिसिसच्या फायलींत ते केटी/व्ही या नावाने लिहिलेले असते.

त्याचा हिशेब सोपा आहे. ‘के’ म्हणजे डायलायझर मिनिटाला किती रक्त युरियापासून साफ करतो, ‘टी’ म्हणजे किती मिनिटे, आणि ‘व्ही’ म्हणजे रुग्णाच्या शरीरातले एकूण पाणी. मिनिटाला २०० मिलिलिटर साफ होत असेल तर २४० मिनिटांत ४८ लिटर साफ होतात. साठ किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३५ लिटर पाणी असते. ४८ भागिले ३५, उत्तर साधारण १.३७. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी हा आकडा निदान १.२ हवा, आणि १.४ चे लक्ष्य ठेवावे, असे अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. याचेच सोपे रूप म्हणजे डायलिसिसआधीचा आणि नंतरचा युरिया. तो निदान ६५ टक्क्यांनी उतरला पाहिजे. आधी १२० असेल तर नंतर ४२ किंवा त्याहून कमी.

आकडा सुटसुटीत असला तरी तो फसवतो, आणि तेही तीन प्रकारे.

पहिली फसगत नमुन्याची. शेवटचे रक्त पंप पूर्ण वेगात असताना घेतले, तर नुकतेच साफ होऊन आलेले रक्त नमुन्यात मिसळू शकते आणि निकाल आहे त्यापेक्षा छान दिसतो. म्हणून पंप आधी मिनिटाला १०० मिलिलिटरपर्यंत हळू करायचा, काही सेकंद थांबायचे आणि मगच नमुना घ्यायचा.

दुसरी फसगत भागाकाराची. रुग्ण नीट जेवत नसेल, अंगावरचे मांस झडत असेल, तर शरीरातले पाणी कमी होते. छेद लहान झाला की उत्तर मोठे येते. माणूस खंगत जातो आणि त्याच्या फाइलमधला आकडा सुधारत जातो. म्हणून जाणते डॉक्टर केटी/व्हीच्या शेजारी रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन, वजन आणि जेवण यांचीही नोंद पाहतात.

तिसरी फसगत वेळेची. १९८१ च्या अभ्यासात युरियाचा परिणाम ठळक होता, तासांचा तितका नव्हता. त्यातून अनेक अमेरिकी केंद्रांनी सोयीचा अर्थ काढला : डायलायझर मोठा घ्या, पंपाचा वेग वाढवा आणि तास कमी करा. गुणोत्तर तेवढेच राहते आणि खुर्ची लवकर रिकामी होते. फ्रान्समध्ये लिओंजवळच्या तासँ येथील केंद्र मात्र आठ-आठ तासांच्या संथ डायलिसिसला चिकटून राहिले. १९९२ मध्ये बर्नार्ड शारा आणि सहकाऱ्यांनी तिथले निकाल छापले. दहा वर्षांनंतर ७५ टक्के रुग्ण जिवंत होते आणि बहुतेकांचा रक्तदाब औषधांशिवाय आटोक्यात होता. हे यश सगळेच तासांचे म्हणता येत नाही, कारण तिथे जेवणातल्या मिठावर कडक लक्ष असे आणि मधुमेही रुग्ण कमी होते. तरीही मीठ-पाण्याचा निचरा व्हायला वेळ लागतो, हे तासँने दाखवून दिले.

मग गुणोत्तर आणखी वाढवले तर? १,८४६ रुग्णांवरच्या अमेरिकी हेमो अभ्यासाने २००२ मध्ये उत्तर दिले. आठवड्यातून तीनच वेळा डायलिसिस ठेवून आकडा बराच वर नेला, तरी एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. किमान पातळी गाठल्यावर दर्जा दुसरीकडे शोधावा लागतो.

पाण्याची परीक्षा

सर्वांत आधी शोधायचा तो पाण्यात. पिण्याचे पाणी आतड्यातून गाळून रक्तात येते. डायलिसिसचे पाणी एका पडद्यापलीकडे असते. शिवाय आठवड्याला आपण १४-१५ लिटर पाणी पितो, तर डायलिसिसवरच्या रुग्णाचा संबंध ३६० लिटरशी येतो. नळाच्या पाण्यातला निरुपद्रवी अंशही इथे विष ठरू शकतो.

१९७० च्या दशकात काही केंद्रांतले रुग्ण अडखळत बोलू लागले, त्यांना झटके येऊ लागले, स्मृती जाऊ लागली. डेन्व्हरच्या अ‍ॅलन अल्फ्री यांनी १९७६ मध्ये दाखवले की मृतांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियम साठले होते. पाणी स्वच्छ करताना वापरलेली तुरटीसारखी द्रव्ये आणि काही औषधे यांतून ते आले होते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात याहून भयंकर घडले. एका केंद्रातल्या शंभरावर रुग्णांना डायलिसिसनंतर मळमळ, उलट्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्यातल्या १०० जणांचे यकृत निकामी झाले आणि सुमारे ५० जण दगावले. त्या केंद्राला पाणी टँकरने येत होते. जलाशयातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष, मायक्रोसिस्टिन, त्या पाण्यातून थेट रक्तात गेले होते. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहणाऱ्या महाराष्ट्रातल्या केंद्रांनाही ही गोष्ट ठाऊक असायला हवी. पाण्याचा स्रोत बदलला की तपासणीही नव्याने व्हावी लागते.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटच्या आधी कोळशाच्या टाक्या असतात, त्या पाण्यातले क्लोरीन आणि क्लोरामाइन शोषून घेण्यासाठी. क्लोरामाइन निसटले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या आधी पहिल्या टाकीनंतरचे पाणी तपासायचे असते. एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. जंतूंची मर्यादा मिलिलिटरमागे १०० वसाहतींची. या नोंदींची वही केंद्रात असतेच. रोजच्या रोज भरलेली वही आणि महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही यांतला फरक चाळताच कळतो.

सुई आणि वजनकाटा

मनगटाजवळची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करण्याची पद्धत ब्रेशिया आणि चिमिनो यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध केली. रक्त मशीनपर्यंत नेण्याचा तिच्यापेक्षा चांगला मार्ग अजून सापडलेला नाही. फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे ते महिने लागतात. तोपर्यंत मानेतल्या कॅथेटरवर काम चालते, पण कॅथेटर जितके दिवस राहील तितका रक्तात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिन्यांनंतरही कॅथेटरवरच असलेले रुग्ण किती, हा आकडा केंद्राबद्दल बरेच सांगतो. फिस्टुलाची थरथर रोज बोटांनी कशी पाहायची, हे रुग्णाला कोणी शिकवले आहे का, यावरूनही कळते.

वजनकाटाही बोलतो. ठरलेल्या ड्राय वेटच्या, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाच्या, वर जेवढे वजन, तेवढे पाणी काढायचे असते. तासाला, किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी ओढले जाणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे. साठ किलोच्या रुग्णासाठी चार तासांत ही मर्यादा सुमारे ३.१ लिटर. तो चार किलो वाढवून आला तर दोन वाटा असतात. सगळे चार तासांत ओढायचे, मग बीपी पडते, पायात गोळे येतात. नाही तर वेळ वाढवायचा किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचे. भारतात आठवड्यातून दोनदाच येणारे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या दोन डायलिसिसमधले अंतर मोठे, त्यामुळे त्यांच्यासाठी हा हिशेब आणखी नाजूक ठरतो.

डायलायझर धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिचाही नियम आहे. त्यात मावणारे द्रव मूळच्या ८० टक्क्यांखाली आले की तो टाकून द्यायचा, आणि ज्याचा त्यालाच लावायचा. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णासाठी मशीन वेगळे, आणि बाकीच्यांना लस. केंद्रात आल्यानंतर कोणाला नव्याने हिपॅटायटिस बी किंवा सी झाला असेल, तर तो केंद्राच्या हातमोज्यांचा आणि हात धुण्याचा निकाल समजावा.

मृत्यूचा हिशेब

अमेरिकेत २००१ पासून केंद्रांची तुलना लोकांसमोर ठेवली जाते आणि २०१५ पासून त्यांना एक ते पाच तारे मिळतात. निकष न पाळणाऱ्या केंद्राच्या सरकारी पैशांत २ टक्क्यांपर्यंत कपात होते. मृत्यूंचे आकडे जसेच्या तसे घेत नाहीत. रुग्णांचे वय, मधुमेह आणि इतर आजार पाहून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढतात आणि प्रत्यक्ष मृत्यूंना त्या संख्येने भागतात. उत्तर १ आले तर अपेक्षेप्रमाणे, १.५ आले तर दीडपट. सिएटलचा धडा इथे कामी येतो. असा हिशेब नसेल तर कठीण रुग्ण नाकारणारे केंद्र पहिले येईल आणि सगळ्यांना घेणारे सरकारी रुग्णालय शेवटचे.

आपल्याकडे २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळू लागले. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. तालुक्याच्या माणसाचा मुंबई-पुण्याचा फेरा त्यामुळे वाचू शकतो. मात्र पैसे साधारणपणे दर डायलिसिसमागे मोजले जातात. एका खुर्चीवर दिवसाला तीन शिफ्ट बसवायच्या, तर प्रत्येकाला अर्धा तास वाढवून देणे केंद्राला जड जाते.

म्हणून केंद्र निवडताना रंगवलेल्या भिंती आणि टीव्ही यांपेक्षा काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. एका वेळी एक सिस्टर किंवा टेक्निशियन किती रुग्ण सांभाळतो? किडनीचे डॉक्टर दर महिन्याला किती वेळा प्रत्यक्ष येतात? पाण्याचा ताजा अहवाल दाखवतात का? वीज गेली तर काय करतात? रुग्णाचे महिन्याचे आकडे त्याला समजावून सांगतात का?

आणखी एक प्रश्न केंद्राने रुग्णाला विचारायचा असतो : डायलिसिसनंतर पूर्ववत वाटायला किती वेळ लागतो? अनेक देशांतल्या रुग्णांना आणि डॉक्टरांना एकत्र बसवून डायलिसिसमध्ये काय मोजले पाहिजे हे ठरवले गेले, तेव्हा मृत्यू, हृदयविकार आणि फिस्टुलासारख्या रक्तमार्गाबरोबर थकव्याला स्थान मिळाले. ‘दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठवत नाही’ असे कोणी सांगितले, तर ड्राय वेट, पाणी ओढण्याचा वेग आणि तास पुन्हा तपासायचे.

शेवटची कसोटी प्रत्यारोपणाची. मूत्रपिंड मिळाले की केंद्राचा एक नियमित रुग्ण जातो. तरीही पहिल्याच महिन्यात प्रत्यारोपणाचा विषय काढणारी, घरातल्या दात्यांची तपासणी सुचवणारी, विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव नोंदवायला मदत करणारी केंद्रे आहेत. केटी/व्ही १.२ च्या वर ठेवणे हे किमान काम झाले. तास वाढवणे, पाणी वेळच्या वेळी तपासणे, रुग्णाला प्रत्यारोपणापर्यंत पोचवणे, यातले प्रत्येक काम केंद्राला स्वतःचा वेळ किंवा उत्पन्न खर्चून करावे लागते. केंद्र पारखायचे ते अशाच कामांवरून.