ठिपक्यांवर हक्क कुणाचा?

आज आपण एका साध्या वस्तूपासून सुरुवात करू. स्टिकर. लॅपटॉपवर, पाण्याच्या बाटलीवर चिकटवायचा. तांबडी पार्श्वभूमी, पिवळे-पांढरे ठिपके, एकात एक वर्तुळं. पाकिटावर लिहिलेलं असतं, 'ऑस्ट्रेलियन वाळवंटाच्या आदिवासी परंपरेतून प्रेरित'. यातला 'प्रेरित' हा शब्द आपल्याला तपासायचा आहे.

ही चिन्हं मुळात कुठली? मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गोष्ट सांगताना वाळूत बोटानं आकृत्या काढतात. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा, मुक्काम किंवा शेकोटी. इंग्रजी 'यू'सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस. खूण तीच, पण अर्थ कथेवर आणि जागेवर ठरतो. या कथांना तिथं 'जुकुर्पा' म्हणतात. पूर्वजांनी भूमी कशी घडवली याची कथा आणि माणसानं कसं वागावं याचा कायदा, दोन्ही त्यात एकत्र असतं. म्हणून कोणती कथा कुणी रंगवायची, हे नात्यानं आणि भूमीशी असलेल्या संबंधानं ठरतं.

हे कॅनव्हासवर कधी आलं? १९७१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला पापुन्या वस्तीतल्या शाळेत जेफ्री बार्डन शिक्षक म्हणून आले. त्यांच्या प्रोत्साहनानं तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मध साठवणाऱ्या मुंग्यांची कथा रंगवली. पुढल्याच वर्षी कलाकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली, 'पापुन्या तुला'. सुरुवातीच्या काही चित्रांत, सर्वांनी पाहू नयेत अशाही खुणा आल्या आणि शेजारच्या समाजांनी त्याला हरकत घेतली. पुढं अशा खुणा वगळल्या गेल्या. काही ठिकाणी त्या झाकायला ठिपक्यांचा उपयोग झाला, असं अभ्यासक सांगतात. बघा, ज्या ठिपक्यांना आपण नुसती नक्षी समजतो, ते कधीकधी पडदाही असतात!

आता कायदा काय म्हणतो? कॉपीराइट एका विशिष्ट चित्राला संरक्षण देतो, शैलीला नाही. १९९४ साली तिथल्या न्यायालयासमोर गालिच्यांचा खटला आला. आदिवासी कलाकारांची चित्रं परवानगीविना व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली होती. वादींमध्ये वाळवंटातले टिम पायुंका जापानगाटी होते. न्यायालयानं भरपाई तर दिलीच. शिवाय कलाकारांना सांस्कृतिक इजा झाली, हेही मानलं. पण कुणी चित्र न उचलता फक्त ठिपके आणि वर्तुळं घेतली, तर कॉपीराइट गप्प बसतो. 'प्रेरित' हा शब्द नेमका याच फटीत राहतो.

फट लहान नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं २०२२ मध्ये नोंदवलं, की आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वस्तू अस्सल नसतात. अशा वस्तूंवर तसं लेबल सक्तीचं करावं, ही त्यांची शिफारस होती.

मग स्टिकर काढूच नये का? आम्हांला तसं वाटत नाही. स्वस्त वस्तूवर चित्र आलं म्हणून ते अपवित्र होत नाही. कलाकेंद्रांमार्फत करार करून, नाव देऊन, मोबदला देऊन छापलेल्या वस्तू आज मिळतात. तिथं कलाकारच ठरवतो, कथेचा कोणता भाग बाहेर जाऊ द्यायचा.

आपल्याकडे मालकी म्हटलं की विकण्याचा हक्क आठवतो. वाळवंटातली कल्पना विश्वस्ताच्या जवळ जाते: चित्र माझं आहे, म्हणजे ते सांभाळण्याची जबाबदारी माझी आहे. 'प्रेरित' स्टिकर आकार उचलतो आणि जबाबदारी तिथंच सोडतो. आमचा आक्षेप एवढाच आहे.

तेव्हा असा स्टिकर हाती आला, तर तीन प्रश्न विचारा. कलाकाराचं नाव आहे का? ती कुठल्या भूमीची कथा आहे? पैसे कुणाकडे जातात? तिन्ही उत्तरं नसतील, तर आपण फक्त ठिपके विकत घेतले, एवढं समजून असावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.