‘डिसेंडेड फ्रॉम’चा खरा अर्थ

“माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडे माणसे का होत नाहीत?” उत्क्रांतीचा धडा चालू असताना हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर ‘डिसेंडेड फ्रॉम’ या इंग्रजी शब्दप्रयोगाच्या अर्थात दडलेले आहे.

‘डिसेंड’ हे क्रियापद मूळ लॅटिनमधले. त्याचा अर्थ खाली उतरणे. ‘डिसेंड फ्रॉम अ हिल’ म्हणजे टेकडीवरून उतरणे. पण ‘इज डिसेंडेड फ्रॉम’ किंवा ‘आर डिसेंडेड फ्रॉम’ असे म्हटले, की अर्थ होतो ‘अमक्या पूर्वजाच्या वंशातला असणे’. वंशावळीत पूर्वज वर व वंशज खाली लिहितात, हे आठवले म्हणजे हा अर्थ सहज लक्षात राहील.

आता असे पाहा. तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ एकाच आजोबांचे वंशज आहात. परंतु तुम्ही काही चुलतभावाचे वंशज नव्हे! माणूस आणि चिंपांझी यांचे नातेही असेच आहे. त्यांचा समाईक पूर्वज सुमारे 60 ते 70 लक्ष वर्षांपूर्वी होऊन गेला, असे शास्त्रज्ञ मानतात. तो आजचा माणूसही नव्हता आणि आजचा चिंपांझीही नव्हता. वानर, लालतोंडे माकड ही मंडळी तर आपली आणखी दूरची भावंडे. म्हणून ‘ह्यूमन्स अँड चिंपांझीज आर डिसेंडेड फ्रॉम अ कॉमन अँसेस्टर’ हे विधान बरोबर. ‘ह्यूमन्स आर डिसेंडेड फ्रॉम चिंपांझीज’ हे चूक.

चार्ल्स डार्विनने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘डिसेंट विथ मॉडिफिकेशन’ असे शब्द वापरले. त्यांचा अर्थ, पिढ्यान्‌पिढ्या बदल होत चाललेली वंशपरंपरा. 1871 च्या ‘द डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथाच्या नावातही ‘डिसेंट’ म्हणजे वंशपरंपराच. माणसाची अधोगती नव्हे.

वंशज निर्माण झाला म्हणून पूर्वजाची जात नाहीशी झालीच पाहिजे, असेही नाही. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली. त्याच्या काही समूहांना माणसाने माणसाळवले. उरलेले रानातच राहिले. म्हणून भारतातल्या जंगलांत तांबडा रानकोंबडा आजही आरवतो.

मग सांगा पाहू: कुत्रा लांडग्यांच्या वंशातला, तरीही लांडगे अजून का आहेत?