द्वादशीचा नैवेद्य आणि नातीचा केक

आषाढी एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटी टाळ-मृदंगाचा घोष चालतो, तेव्हा दूरदेशी राहणारी आपली मुलेबाळेही उपवास करतात आणि द्वादशीस पारणे. 2022 साली आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे कन्येच्या घरी होतो. द्वादशीच्या सकाळी नऊ वर्षांची नात वलयाकार केक घेऊन देवघरापाशी आली. म्हणाली, "आजोबा, हा विठोबाला." आम्ही विचारले, "अंडे घातले आहेस काय?" तिने खरे तेच सांगितले, "हो, दोन." "मग चालायचा नाही," एवढे बोलून आम्ही पोथीत डोके घातले. पारण्याच्या पंक्तीत पोर खाली मान घालून जेवली.

निषेध चुकीचा नव्हता. परंतु 'नैवेद्य' शब्दाची व्युत्पत्ती जन्मभर श्रोत्यांस सांगणाऱ्या आम्हांसच तिचा विसर पडला होता. नि-विद् या धातूच्या प्रयोजक रूपाशी तो जोडलेला आहे. जाणवून देणे, निवेदन करणे, हा मूळ अर्थ. पोरीने तर काहीच लपविले नव्हते! आणि भाजलेले पक्वान्न देवाला परके म्हणावे, तर ऋग्वेदात तुपासहित अपूप अग्नीला अर्पिला आहे. यज्ञातील पुरोडाश तापल्या खापऱ्यांवर भाजीत. अग्नीसाठी आठ, इंद्रासाठी अकरा.

2024 च्या आषाढात पुन्हा जाणे झाले, तेव्हा आम्ही होऊनच नातीस म्हटले, "तो केक अंड्यावाचून कर. आम्ही शेजारी बसतो."

तिचे भांडे खोलगट, कडेला पन्हाळी असलेले, मधोमध नळी. त्यास 'बंट' म्हणतात. मिनियापोलिस शहरातील 'हदासा' या ज्यू स्त्रियांच्या संस्थेतील काही भगिनींनी 1950 च्या सुमारास डेव्हिड डॅलक्विस्ट या कारखानदारास गळ घातली, की युरोपात आमच्या आज्या ज्या भांड्यात केक भाजीत, तसे ॲल्युमिनियमचे करून द्या. आजीच्या हातचे भांडे कोणत्या घरी प्रिय नसते? नळीमुळे आच केकच्या पोटातही पोचते व गाभा कच्चा राहत नाही.

ब्लूबेरी तर न्यू जर्सीचीच. तेथील एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञासह रानटी झुडपांतून निवड करून 1916 मध्ये लागवडीचे पहिले पीक बाजारात आणले. फळ करवंदाएवढे, वर द्राक्षासारखी भुरकट झाक. ऐन हंगाम आषाढातच.

नातीने दोन लिंबांची साल किसली, केवळ पिवळी. खालचा पांढरा भाग कडू. किस पावणेदोन कप साखरेत बोटांनी चोळला, तो घरभर सुगंध सुटला. त्यात दीड कप दही, पाऊण कप पातळ तूप, पाव कप लिंबाचा रस. मग तीन कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, एक चमचा सोडा. लागेल तसे दूध. अंड्याचे फुगविण्याचे काम दही व सोडा मिळून करतात. मात्र सोडा अधिक पडल्यास ब्लूबेरीभोवती हिरवट डाग पडतात. आंबटपणा रंग राखतो. दोन कप फळे कोरड्या मैद्यात घोळवून शेवटी हलक्या हाताने मिसळली, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत. भांड्याच्या प्रत्येक पन्हाळीस तूप व मैदा लावून 350 अंश फॅरनहाइटवर सुमारे पंचावन्न मिनिटे भाजले.

या सर्व वेळात पोरीने बोट चाटले नाही. देवाआधी चव घ्यायची नसते, हे तिला कोणी त्या दिवशी सांगितले नव्हते.

पंधरा मिनिटांनी भांडे उपडे केले, तेव्हा एका पन्हाळीतील तुकडा आतच चिकटून राहिला. तिचे डोळे भरून आले. आम्ही तो सुरीने अलगद सोडवून जागी बसविला. वर तिने पिठीसाखर व लिंबाच्या रसाचे दाट आइसिंग ओतले. (आमच्या जिभेला ते पेढ्याहून गोड लागले, हे तिला कळविलेले नाही.) सांधा झाकला गेला.

हिवाळाभर घरात जपलेल्या कुंडीतील तुळशीचे पान वर ठेवले, पाण्याचे मंडल केले आणि तिच्याच हातून नैवेद्य दाखविला. आरती संपताच पोर धावली ती थेट आइसिंगच्या वाटीकडे.